बळी दिल्याचा दाखला

पिनर

मी इंग्लंडला गेले ती नातवासाठी. मुलगा मिलिंद आणि सून लंडनच्या कडेला पिनरला राहतात. बाळ फेब्रुवारीत झालं आणि भंडाऱ्याच्या शाळेतून निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली होती, त्यामुळे नाही म्हणायला काही कारण नव्हतं. पहिल्याच दिवशी बाळाला ओव्याची धुरी दिली, तर छतावरचा स्मोक अलार्म असा बोंबलला की शेजारची बाई अनवाणी धावत आली. त्यानंतर मी धुरीचा विषय काढला नाही.

मे महिन्यात एका दुपारी फोन आला.

"हॅलो, सुजाताआजी? मी मैत्री. ईलिंगच्या दिनकरआजोबांची नात. तुम्ही तीन महिना इथे आहात आणि आपण भेटलो नाही. हे weird आहे ना?"

ईलिंगही लंडनमध्येच, तेव्हा विचित्र होतंच, पण त्याला पन्नास वर्षांहून जुनं कारण होतं. ते आधी सांगितल्याशिवाय पुढचा प्रवास समजणार नाही.

दिनकरदादा म्हणजे माझ्या सख्ख्या मोठ्या काकांचा मुलगा. मोठेकाका आणि माझे बाबा सोबत चालत नागपूरला गेले आणि दोघांनी एकाच दिवशी धम्मदीक्षा घेतली. पुढे नोकरीचे अर्ज भरायची वेळ आली. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत तेव्हा बौद्धांना सवलत नव्हती. अनुसूचित जातीचा दाखला हवा असेल, तर धर्माच्या रकान्यात 'हिंदू' असं लिहावं लागे. मोठेकाकांनी रेल्वेच्या अर्जावर 'बौद्ध' लिहिलं. नोकरी गेली, आणि ते जन्मभर विड्या वळत राहिले. बाबांनी 'हिंदू' लिहिलं आणि पोस्टात लागले.

मी सहावीत असताना वस्तीतल्या विहारात सभा झाली. मोठेकाका उभे राहून म्हणाले, "ज्यांनी पोटासाठी कागदावर धर्म बदलला, त्यांनी बुद्धाच्या मूर्तीला फूल वाहू नये." नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. बाबा उठले, मला उठवलं, बाहेर येऊन चपला घातल्या आणि घरी आले. पुन्हा त्या विहारात ते गेले नाहीत. घरीच वंदना म्हणायचे. शाळेत मुलं मला 'कागदी' म्हणत. दोघे भाऊ एकमेकांशी पुन्हा न बोलताच वारले. दिनकरदादा तोपर्यंत इंग्लंडला पोचले होते. बाबा गेल्याचं त्यांना कळवलं होतं, उत्तर आलं नाही.

मैत्रीला मी हो म्हटलं ते कुतूहलापोटी. ती केंब्रिजला संशोधन करते. मँचेस्टरच्या एका जुन्या ग्रंथालयात तिच्या अभ्यासातला एक कागद आहे, आणि तो आजोबांना दाखवायचा तिचा बेत होता. "तुम्हीपण या ना," ती म्हणाली. "आजोबा गाडी चालवणार. वाटेत सेंट ऑल्बन्स बघू शकता. मग मला केंब्रिजला पिकअप करा."

"कसला कागद?"

"रोमन काळातला. ख्रिश्चन लोकांचा छळ झालेला, त्या वेळेचा."

सेंट ऑल्बन्स

पंचाहत्तरीच्या दादांनी दारात गाडी थांबवली, उतरून "जयभीम" म्हणाले आणि माझी बॅग स्वतः मागे ठेवली. उंची मोठेकाकांची, पण आवाज मात्र हलका. मी त्यांना लहानपणी 'दिनूदादा, तू' म्हणत असे. आता तोंडातून 'तुम्ही' आलं आणि त्यांनीही ते तसंच राहू दिलं.

पहिला अर्धा तास आम्ही हवेबद्दल बोललो. इंग्लंडमध्ये हवेचा फार उपयोग होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळीजर्द शेतं होती. आपल्याकडची मोहरी वाटावी अशी, पण इथे कुठेही माणूस दिसत नाही. मी डब्यात ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी घेतली होती. एका सर्व्हिस स्टेशनच्या पार्किंगमध्ये दादांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"जवस कुठे मिळालं?"

"भंडाऱ्याहून आणलं."

"इथे health food म्हणून मिळतं. पण कोणी खरपूस भाजत नाही." एवढं बोलून त्यांनी दुसरी भाकरी घेतली.

सेंट ऑल्बन्स हे गावाचं नाव एका माणसावरून पडलं आहे. इथलं भलंमोठं चर्च त्याला जिथे मारलं असं मानतात, तिथे उभं आहे. मी सवयीनं दाराशी चपला काढल्या आणि आत गेले. थंडगार फरशीवरून माझ्या पायमोज्यांचा आवाज येत नव्हता, त्यामुळे मी मागे जाऊन उभी राहिले तेव्हा तिथली स्वयंसेविका दचकली. सत्तरीची, गळ्यात पट्टा, हातात माहितीपत्रकं. तिनं सांगितलेली गोष्ट दादा मला मराठीत सांगत गेले.

आल्बन हा रोमन अमलाखालचा इथलाच रहिवासी. ख्रिस्ती नव्हता. छळ सुरू झाला तेव्हा पळून आलेल्या एका धर्मगुरूला त्यानं घरात लपवलं. काही दिवस त्याची प्रार्थना पाहिली, आणि त्याचाही विश्वास बसला. शिपाई दाराशी आले तेव्हा त्यानं धर्मगुरूचा झगा स्वतः अंगावर घेतला आणि त्याच्या जागी स्वतः पुढे झाला. न्यायाधीशानं विचारलं, आमच्या देवांना बळी देतोस का? तो नाही म्हणाला. टेकडीवर नेऊन त्याचं डोकं उडवलं. ज्या शिपायाला हे काम सांगितलं होतं त्यानं तलवार टाकून दिली, म्हणून त्यालाही मारलं. दुसऱ्यानं वार केला, तर त्याचेच डोळे गळून पडले.

यातलं किती खरं, मला ठाऊक नाही. बाईंनीही ठाऊक असल्याचा आव आणला नाही. "आमच्याकडे गोष्ट आहे आणि ही जागा आहे," त्या म्हणाल्या. समाधीचा दगडी चौथरा त्यांनी दाखवला. एका राजवटीत तो फोडून टाकला होता, आणि पुढे तुकडे शोधून शोधून पुन्हा जुळवला. सांधे स्पष्ट दिसतात. लोक मेणबत्त्या लावून जात होते. हात जोडायची पद्धत वेगळी, पण पाठीत वाकणं अगदी आपल्यासारखंच.

दादा चौथऱ्यासमोर उभे होते. "आबांना आवडला असता," ते म्हणाले. आबा म्हणजे मोठेकाका. "असाच माणूस."

माझ्या मनात आलं ते असं, की मोठेकाकांनी 'नाही' म्हटलं त्याची किंमत काकूंनी आणि पाच मुलांनीही दिली. पण हे त्या ठिकाणी बोलायचं नव्हतं.

बाहेर आले तर चपला गायब. दहा मिनिटं शोधाशोध. शेवटी कळलं की कोणीतरी हरवलेली वस्तू म्हणून त्या कार्यालयात जमा केल्या होत्या. तिथल्या माणसानं मला एका वहीत सही करायला लावली आणि चपला एका कागदी पिशवीत घालून, औषधं देतात तशा, हातात दिल्या.

केंब्रिज

मैत्री तिच्या कॉलेजच्या फाटकाशी सायकल धरून उभी होती. केस कापलेले, कपाळावर मोठी काळी टिकली, पायात बूट. तिनं वाकून नमस्कार केला आणि लगेच मिठीही मारली, दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आम्हाला नदीकाठी फिरवलं. गावाच्या मधोमध गाई चरतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही, याचं मला फार बरं वाटलं. जेवायला एका कॅफेत तिनं मला सालीसकट भाजलेला भलामोठा बटाटा मागवला. त्यावर गोडसर घेवड्याच्या बियांची उसळ आणि किसलेलं चीज. तिखट मागितलं तर मिरपूड आली.

"मग तू त्या हुतात्म्यांवर लिहितेस?" मी विचारलं.

"नाही, आजी. मार्टर्सवर सगळेच काम करतात. मी दुसऱ्या लोकांवर करते. जे मेला नाही."

"जे मेले नाहीत," दादांनी दुरुस्त केलं.

"हां, मेले नाहीत. Sorry."

मग तिनं बटाटा थंड होईपर्यंत सांगितलं. तिसऱ्या शतकात एका बादशहानं हुकूम काढला, की साम्राज्यातल्या प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा. अधिकाऱ्यांसमोर धूप किंवा मद्य अर्पण करायचं, प्रसादाचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत त्यातले थोडे दाखले टिकले. काही ख्रिस्ती लोकांनी नकार दिला आणि ते तुरुंगात गेले, मेले. पण पुष्कळांनी मुकाट्यानं बळी दिला. काहींनी बळी न देताच ओळखीनं दाखला मिळवला. पुढे छळ थांबल्यावर हे सगळे चर्चच्या दाराशी परत आले. तेव्हा आत राहिलेल्यांत मोठं भांडण झालं, की यांना परत घ्यायचं की नाही.

"घेतलं?" मी विचारलं.

"काही ठिकाणी घेतलं. काही ठिकाणी म्हणाले, मरताना घेऊ, आधी नाही. काही म्हणाले, never. आणि मजा काय माहितीये? सगळ्यात कडक कोण होते? नेहमी तुरुंगात जाऊन आलेले नाही. तुरुंगातल्या लोकांनी तर बऱ्याच जणांना माफीची चिठ्ठी दिली."

दादांनी घड्याळ पाहिलं आणि पार्किंगची वेळ संपेल म्हणून उठले. घड्याळात अजून अर्धा तास होता. मी शिक्षिका आहे, मुलं वर्गातून निसटायला कारणं काढतात ती मला कळतात. पण तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला बाथरूमला जायचं असेल.

मैत्रीनं माझ्याकडे पाहून आवाज खाली केला. "आजी, एक विचारू? आमच्या घरात आबा म्हणजे हीरो. त्यांच्या फोटोला हार असतो. तुमच्या बाबांचं नाव कोणी घेत नाही. मला ते फक्त 'पोस्टवाले' म्हणून माहितीये. ते वाईट होते का?"

मी बीएला असताना स्वतः बाबांना विचारलं होतं, "तुम्ही का सही केलीत? मोठ्याकाकांनी नाही केली." बाबा गंजलेला स्टोव्ह पेटवत होते. ते म्हणाले, "चहा घेतेस?" मी घेतला नाही. पुढची दोन वर्षं मी सुट्टीतही वसतिगृहातच राहिले.

"वाईट नव्हते," मी मैत्रीला म्हटलं. "माझंच त्यांच्याशी पटत नव्हतं."

मँचेस्टर

तिसऱ्या दिवशी मोटरवेवर चार तास पाऊस होता, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मँचेस्टरला आम्ही दुपारी पोचलो.

ते ग्रंथालय बाहेरून आणि आतून चर्चसारखंच दिसतं. दगडी कमानी, रंगीत काचा, कुजबुज. मैत्रीनं आधीच वेळ घेतली होती. बॅगा आणि कोट कपाटात ठेवून आम्हाला एका लहान खोलीत नेलं. ग्रंथपाल बाईंनी हात धुवायला सांगितले आणि मग एक पेटी आणली. आत दोन काचांच्या मधोमध एक तपकिरी तुकडा होता. माझ्या तळव्याहून थोडा मोठा. कडा कुरतडलेल्या, मधे एक भोक.

मैत्री काचेवरून बोट न टेकवता फिरवत वाचू लागली. ग्रीकमधून सरळ मराठीत. तिची मराठी एरवी अडखळते, पण इथे ती हळू आणि नीट बोलत होती. कागद एका बाईचा होता. आईचं नाव होतं, वडिलांचं नव्हतं. नवऱ्याचं होतं. ती नेहमीच देवांना बळी देत आली आहे, आणि आत्ताही, तुमच्यासमोर, हुकुमाप्रमाणे तिनं अर्पण केलं आहे आणि चाखलं आहे, तर तशी नोंद करावी, अशी विनंती.

"आणि हे वेगळं अक्षर," मैत्री म्हणाली. "हा नवरा. त्यानं तिच्यासाठी सही केली. कारण तिला लिहिता येत नाही."

ग्रंथपाल बाई कोपऱ्यात त्यांच्या नोंदी करत होत्या.

"ही ख्रिश्चन होती का?" दादांनी विचारलं.

"माहीत नाही, आजोबा. कोणालाच माहीत नाही. हुकूम सगळ्यांना होता. असेल, नसेल. कागदावरून कळत नाही."

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "मला जरा बाहेर बसू दे."

ग्रंथालयाच्या खालच्या कॅफेत ते बसले होते. समोर चहा, त्यातली पिशवी काढलेली नव्हती, चहा काळा झाला होता. मी आणि मैत्री समोर बसलो. दादा माझ्याशी बोलले, पण नजर चहावर.

"सुजाता, मी इंग्लंडला कसा आलो माहितीये तुला?"

"शिष्यवृत्तीवर. गुणांवर मिळाली म्हणून मोठ्याकाकांनी वस्तीत पेढे वाटले होते. आमच्या घरी सोडून."

"गुणांवर नाही. म्हणजे, गुण होतेच. पण ती केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, scheduled caste साठी. बौद्ध लिहिलं असतं तर अर्जच बाद." ते थांबले. "आबांना विचारायची सोय नव्हती. आई रडायला लागली. मग एका दुपारी आबा कारखान्यात असताना आई मला घेऊन पोस्टात गेली. काकांकडे."

"बाबांकडे?"

"हो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मला घेऊन तहसीलला गेले. घरातला वडीलधारा म्हणून त्यांनी लिहून दिलं, की हा मुलगा हिंदू महार. खाली त्यांनी सही केली आणि मी केली. बाहेर आल्यावर म्हणाले, 'तुझ्या बापाला सांगू नकोस. त्याला ते सहन होणार नाही.' बस. एवढंच."

मैत्रीनं तोंडावर हात ठेवला.

"विहारातली सभा," मी म्हटलं. "ती आधी की नंतर?"

"नंतर. महिन्याभरानं."

"तुम्ही होतात तिथे?"

"आबांच्या शेजारी बसलो होतो. दाखला माझ्या ट्रंकेत होता. काका उठले तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले नाहीत. तुला उठवलं आणि गेले."

मला राग आला. दुःख नंतर आलं, आधी राग. मी दादांना विचारलं, की पन्नास वर्षांत एक पत्र का नाही? बाबा वारले तेव्हा तरी? माझ्या बापानं मरेपर्यंत त्या विहारात पाय ठेवला नाही आणि मी स्वतः त्याच्याशी नीट बोलले नाही, आणि तुम्ही इथे ईलिंगमध्ये आबांच्या फोटोला हार घालत होतात. हे सगळं मी मराठीत आणि मोठ्यानं बोलले असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यानं आपले कप उचलले आणि ते दुसरीकडे जाऊन बसले.

दादा ऐकत राहिले. "आबा असेपर्यंत भीती होती," ते म्हणाले. "ते गेल्यावर वाटलं, आता कशाला."

"मला तरी सांगायचं होतं," मैत्री म्हणाली. ती रडत होती. "मी चार वर्षं ह्याच्यावर काम करते, आजोबा. हेच. Every single day."

"म्हणूनच आलो ना," ते तिला म्हणाले.

परतीच्या प्रवासात गाडी मैत्रीनं चालवली. मी पुढे बसले, दादा मागे. पिनरला उतरताना मी त्यांना भंडाऱ्याला यायला सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "विहार तोच आहे?"

"इमारत नवी आहे. जागा तीच."

भंडारा

मी जूनमध्ये परत आले. दादा नोव्हेंबरात आले, एकटे, एक बॅग घेऊन. माझ्याकडे आठ दिवस राहिले. बाबांचं पोस्ट, तहसील कचेरी, विडी कारखान्याची पडकी भिंत, सगळीकडे चालत गेले.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर मी विहाराच्या कार्यकर्त्यांना सांगितलं, की यांना दोन शब्द बोलायचे आहेत. साठेक लोक होते. बहुतेक तरुण. त्यांना ना मोठेकाका आठवत होते, ना बाबा. परदेशातून आलेले पाहुणे म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दादांनी माईक हातात धरून सगळं सांगितलं. तहसील, सही, ट्रंक, सभा. बाबांचं पूर्ण नाव घेतलं. सांगायला पाचेक मिनिटं लागली असतील. तरुण मुलं आदरानं ऐकत होती, पण त्यांना यात अडचण काय होती ते नीट समजलं नसावं. त्यांच्या दाखल्यांवर आज 'बौद्ध' लिहिलेलं असतं, आणि त्यानं काही अडत नाही.

आम्हा दोघांशिवाय त्या जुन्या सभेला हजर असलेलं एकच माणूस तिथे होतं. आमच्या वस्तीतल्या गोदाबाई. नव्वदीच्या पुढच्या, भिंतीला टेकून बसलेल्या, ऐकायला फार कमी.

"काय म्हणाला हा?" त्यांनी मला मोठ्यानं विचारलं.

मी सांगायला वाकले, पण दादा माईक खाली ठेवून त्यांच्याजवळ आले, गुडघे धरत खाली बसले आणि त्यांच्या कानाशी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला. गोदाबाई मधेमधे मान हलवत होत्या.

"पोस्टवाल्यानं केलं हे? तुझ्यासाठी?"

"हो, बाई."

"मग त्या दिवशी तू का नाही बोललास?"

"भ्यालो."

त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानामागे हात नेला.

"भ्यालो होतो, बाई," दादा ओरडून म्हणाले. सगळ्या विहाराला ऐकू गेलं.

गोदाबाईंनी लुगडं आवरून घेतलं आणि सतरंजीवर थोड्या बाजूला सरकल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "खीर येतेय."